शंखी गोगलगायीच्या अलिंदातील कणीदार पेशी: एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन दोन पानांवर आले, आणि रात्रीतून रोपांचे शेंडे नाहीसे होऊ लागले. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. माझ्या दाजींच्या शेतातही तेच झाले. पहाटे बांधावर ओले गोणपाट उचलले की खाली शंखी गोगलगायींचा खच. त्यांनी एक बादली भरून मला दिली आणि म्हणाले, "घे, तुझ्या कॉलेजात लागतील." मी प्राणिशास्त्र शिकवतो. बादलीतल्या मोठ्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात गेल्या. हातमोजे घालून मी चार-पाच पिल्ले तेवढी वेगळी काढली.

पिल्लाचा शंख पातळ असतो, उजेड आरपार जातो. पिल्लू ओल्या काचेवर ठेवायचे, मागून टॉर्च धरायचा आणि हातभिंग घेऊन शंखाच्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या वेढ्याकडे पाहत राहायचे. आधी नुसता तपकिरी अंधार दिसतो. मग त्यात एक फिकट ठिपका आकसतो, फुगतो, पुन्हा आकसतो. नीट पाहिले की ते दोन ठिपके असल्याचे कळते. एक आकसतो तेव्हा दुसरा भरतो. एक अलिंद, दुसरे निलय. गोगलगायीच्या हृदयात एवढेच दोन कप्पे. मी काडीने पिल्लाच्या शिंगाला हलकेच स्पर्श केला. ते आत ओढले गेले आणि ठोक्यांची लय बिघडली. थोड्या वेळाने ती पुन्हा बसली.

हा लय बिघडण्याचा क्षण पाहिल्यापासून एक प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही. तो याच जातीच्या प्राण्यावर, सेंट पीटर्सबर्गमध्ये, रशियन विज्ञान अकादमीच्या पेशीविज्ञान संस्थेत झाला. शाबेल्निकोव, बिस्त्रोवा, मार्तिनोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. गोगलगायीच्या हृदयाकडे जाणारी चेता विजेने उत्तेजित केली तर ठोक्यांखेरीज आणखी काय बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले: अलिंदातल्या कणीदार पेशी आपला साठा रिकामा करतात आणि त्यांतली प्रथिने रक्तात उतरतात. हे एवढे एकच प्रकरण मी येथे पूर्ण मांडतो आहे.

आधी प्राणी. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत आणि बहुतेक शोधनिबंधांत अकॅटिना फुलिका. मूळ पूर्व आफ्रिकेतली. भारतात ती आपल्या पायाने आलेली नाही. विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या चौरंगीतल्या बागेत ती सोडली, अशी नोंद आहे. तिथून पुढे ती पसरत गेली. प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही, एका वेळी शेकड्यांनी अंडी, आणि कोरड्या महिन्यांत शंखाचे तोंड बंद करून जमिनीत पडून राहण्याची ताकद. शेतकऱ्याचे नुकसान करणारे हे गुण प्रयोगशाळेच्या मात्र सोयीचे आहेत. प्राणी मोठा, सहज पाळता येणारा, आणि त्याच्या मेंदूतल्या काही चेतापेशी इतक्या मोठ्या की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून तिला नाव देता येते.

आता हृदय. फुप्फुसाचे काम करणाऱ्या पोकळीच्या मागच्या टोकाला, मूत्रपिंडाला लागून, एका पातळ पिशवीत ते असते. फुप्फुसाकडून आलेले रक्त अलिंदात शिरते, निलयात जाते आणि निलयातून महाधमनीत. रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते, म्हणून ते लाल नसते. प्राणवायू मिळाला की त्यावर निळसर झाक येते. अलिंदाची भिंत एकसंध नसते. आतून स्नायूंच्या बारीक दोऱ्यांची जाळी असते आणि रक्त त्या जाळीतून झिरपत पुढे जाते. याच जाळीत, रक्ताला लागून, कणीदार पेशी बसलेल्या असतात. पेशीचे पोट कणिकांनी, म्हणजे साठवलेल्या मालाच्या बारीक पिशव्यांनी, गच्च भरलेले. थोड्याथोडक्या नव्हेत, पुष्कळ पेशी.

त्या अलिंदात आहेत याला माझ्या मते फार महत्त्व आहे. अलिंद हे सगळ्या रक्ताच्या परतीच्या वाटेवरचे शेवटचे ठाणे. तिथे काही मिसळले की ते पुढच्याच ठोक्याला निलयात जाते आणि तिथून सगळ्या अंगभर. एखादा पदार्थ झटपट सगळीकडे पोचवायचा असेल तर गोगलगायीच्या शरीरात यापेक्षा मोक्याची जागा मला दिसत नाही.

चेतापुरवठ्याचा रस्ता असा आहे. घशाभोवती गुच्छिकांचे, म्हणजे चेतापेशींच्या गाठींचे, कडे असते, त्यातल्या उदरीय गुच्छिकेतून आंत्र चेता निघते. तिची एक फांदी हृदयाच्या पिशवीकडे जाते आणि अलिंदात शिरून तंतूंमध्ये विखुरते. हृदय स्वतःच्या स्नायूंच्या बळावर ठोके घालते, चेता तोडली तरी ते थांबत नाही. चेता फक्त लगाम धरते. सैल सोडते, खेचते.

या लगामाचा अभ्यास जुना आहे आणि त्यात मृदुकाय प्राण्यांनी वैद्यकाला पुष्कळ काही दिले आहे. १९५० च्या दशकात जॉन वेल्श यांनी शिंपल्याच्या हृदयावर दाखवले की ॲसिटिलकोलीन ते थांबवते आणि सेरोटोनिन ते जोमात आणते. डेव्हिड प्राइस आणि मायकेल ग्रीनबर्ग यांनी १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या एका शिंपल्याच्या गुच्छिकांमधून चार ॲमिनो आम्लांचे एफएमआरएफ-अमाइड हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाहून खूप छोटी साखळी, वेगळे केले. तिथेही कसोटी हीच होती: शिंपल्याच्या हृदयावर थेंब टाका आणि ठोका पाहा. आपल्या शंखी गोगलगायीत १९८७ मध्ये फुरुकावा आणि कोबायाशी यांनी हृदयाला आवरणाऱ्या आणि चेतवणाऱ्या चेतापेशी एकेक करून ओळखल्या. त्यांतल्या एकीचे लघुनाव पॉन. ती लयीत चढउतार करते आणि हृदयाला वेग देते. १९८९ मध्ये याच प्राण्याच्या गुच्छिकांत अकॅटिन-१ सापडले. चार ॲमिनो आम्लांचा हा तुकडा पॉनला उद्दीपित करतो आणि त्यातले दुसरे आम्ल, फेनिलॲलॅनिन, नेहमीच्या डाव्या घडणीचे नसून उजव्या घडणीचे आहे. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सगळीकडे डावी घडण असताना एका गोगलगायीने उजवी वापरावी, हे मला आजही वर्गात सांगताना थांबून सांगावेसे वाटते.

१९९० मध्ये जपानी संशोधकांनी अलिंदांतूनच अकरा ॲमिनो आम्लांचे एक पेप्टाइड काढले. त्याचे नाव एसेप-१. तेही निलयाचा ठोका वाढवते. या शोधातली अडचण मात्र आमच्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. पेप्टाइड मिळवण्यासाठी अलिंदे कुटून त्यांचा अर्क काढावा लागतो. कुटलेल्या अर्कात चेतातंतूंची टोके असतात, स्नायू असतात, कणीदार पेशीही असतात. सापडलेला रेणू नेमका कुणाच्या घरचा, हे अर्क सांगत नाही. हृदय चालू ठेवून, चेता जागेवर ठेवून, फक्त तिला उत्तेजित करून काय बाहेर येते ते पाहिले तरच उत्तराकडे जाता येते.

एक फरक येथे ठसठशीत मांडायला हवा. वरच्या बहुतेक सगळ्या प्रयोगांत मोजपट्टी एकच होती, ठोका. तो जोरात पडला की मंद, लवकर की उशिरा. अशा मोजमापात कणीदार पेशी दिसण्याची शक्यताच नाही, कारण त्या आकसत नाहीत. चेतेने त्यांना काही सांगितले असेल तर त्याची खूण कागदावरच्या रेषेत उमटणार नाही. सेंट पीटर्सबर्गच्या गटाने हृदयातून वाहून येणारा द्रव गोळा केला आणि त्यात प्रथिने शोधली. एवढ्या साध्या बदलाने प्रश्नच बदलला.

या युक्तीला एक थोर पूर्वज आहे. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची चेता उत्तेजित केली, त्या हृदयातून आलेला द्रव दुसऱ्या हृदयावर टाकला आणि दुसरे हृदयही मंदावले. चेता रासायनिक पदार्थ सोडून बोलते, हे तिथे पहिल्यांदा हाती लागले. लोवींनीही द्रव गोळा केला, पण त्यात काय आहे हे त्यांना दुसऱ्या हृदयाच्या ठोक्यानेच सांगितले. गोगलगायीच्या प्रयोगात द्रव थेट प्रथिनांसाठी तपासला गेला.

प्रयोगाचा गाभा असा. हृदय शरीराबाहेर न काढता, आहे त्या जागी, त्यातून क्षारांचे द्रावण वाहते ठेवले. हृदयाकडे जाणाऱ्या चेतेला विजेचे झटके दिले. एकीकडे वाहून आलेल्या द्रवातली प्रथिने विद्युतप्रवाहाच्या जेलवर आकारमानाप्रमाणे वेगळी केली, दुसरीकडे अलिंदाचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उत्तेजनानंतर द्रवात प्रथिने वाढली. त्याच वेळी कणीदार पेशींचे पोट रिकामे झालेले दिसले. कणिका एकेक करून पेशीच्या कडेला जाऊन फुटल्या नव्हत्या. त्या पेशीच्या आतच एकमेकींत मिसळल्या, त्यांचे गुंतागुंतीचे मार्ग बनले, त्या मार्गांत घट्ट साठा विरघळला आणि मग बाहेर आला. माणसातल्या मास्ट पेशी (प्रतिकारसंस्थेच्या पेशी) ॲलर्जीच्या वेळी अशाच पद्धतीने, कणिका कणिकेत उघडून, रिकाम्या होतात. झटपट आणि घाऊक रिकामे व्हायचे असेल तर ही पद्धत सोयीची. थेंबाथेंबाने स्राव सोडणाऱ्या पेशीला तिची गरज नसते.

आणि तिसरा पुरावा, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात अलिंदातले चेतातंतू थेट कणीदार पेशींना टेकलेले दिसले. आत पेप्टाइड साठवणाऱ्या तंतूंसारख्या कणिका, आणि पेशीच्या पटलाला पटल लागलेले. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर असते तशी खास जाड रचना तिथे नव्हती. नुसती जवळीक. पाठ्यपुस्तकात चेतासंधी म्हणून जे चित्र आपण काढतो ते डोक्यात धरून पाहणारा इथे चेतासंधी नाहीच म्हणेल. पण पेप्टाइडे खास सांध्याशिवायही सुटतात आणि जवळच्या पेशीवर काम करतात, हे अनेक प्राण्यांत दाखवलेले आहे. त्यामुळे ही जवळीक सैल वाटली तरी पोकळ नाही.

आता या निष्कर्षाला आडवे जाऊन पाहू. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक प्रकरणात हेच करायला लावतो: समोरच्याचा दावा खोटा ठरवण्यासाठी सगळ्यांत चांगला मार्ग कोणता?

पहिला मार्ग सस्तन प्राण्यांतून येतो. आपल्या अलिंदाच्या स्नायूपेशींतही स्रावी कणिका असतात. ब्रूनो किश यांनी १९५६ मध्ये गिनीपिगच्या अलिंदात त्या पाहिल्या, जेमीसन आणि पॅलाडे यांनी १९६४ मध्ये तपशिलाने वर्णिल्या. त्यांचे काम मात्र १९८१ पर्यंत कोडेच राहिले. त्या वर्षी कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या रक्तात सोडला आणि काही मिनिटांत लघवी व तिच्यातले सोडियम भराभर वाढले. हृदय हे अंतःस्रावी इंद्रियही आहे, हे तेव्हा मान्य झाले. पण सस्तन प्राण्यांत हा स्राव सुटण्याचे मुख्य कारण चेता नाही. अलिंदाची भिंत ताणली गेली की तो सुटतो. रक्त वाढले, अलिंद फुगले, स्राव सुटला.

म्हणजे गोगलगायीतही शंका घ्यायला जागा आहे. चेता उत्तेजित केली, ठोके बदलले, अलिंदाची भिंत वेगळ्या रीतीने ताणली गेली, आणि त्या ताणाने पेशी रिकाम्या झाल्या. चेतेचा हुकूम कणीदार पेशीला नसून स्नायूलाच होता आणि पेशी शेजारी बसल्यामुळे तिला धक्का लागला. ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देताना मी पेशीला टेकलेल्या तंतूंकडे बोट दाखवतो. केवळ स्नायूसाठी आलेला तंतू वाटेत कणीदार पेशीच्या पटलाला लागून का थांबेल? शिवाय गोगलगायीत ही कणिकांची कोठारे स्नायूपेशीत नसून वेगळ्या पेशींत आहेत. सस्तन प्राण्यात आकसणारी पेशीच स्रावी, म्हणून ताण तिलाच जाणवतो. इथे कामाची वाटणी झालेली आहे. तरीही ताणाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणणार नाही. हृदयाचा ठोका औषधाने थांबवून, मग चेता उत्तेजित करून, पेशी रिकाम्या होतात का हे पाहणे हा माझ्या मते या दाव्याचा सगळ्यांत कडक कस ठरेल.

दुसरा मार्ग: द्रवातली प्रथिने चेतातंतूंच्या टोकांतूनच आली असतील. याला मी कमी किंमत देतो. तंतू सोडतात ते रेणू लहान असतात, काही मोजक्या ॲमिनो आम्लांचे. इथे मिळाली ती प्रथिने त्यांच्या मानाने फार मोठी होती आणि रिकाम्या झालेल्या पेशी डोळ्यांसमोर होत्या.

तिसरा मार्ग म्हणजे विजेचा झटका. चेतेत अनेक जातींचे तंतू एकत्र असतात: वेग देणारे, आवरणारे, आणि संवेदना परत नेणारेही. झटका सगळ्यांना एकदम जागे करतो. जिवंत, चालणाऱ्या गोगलगायीत असे सगळे तंतू एकाच क्षणी कधी बोलत असतील? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो प्रयोगाच्या दाव्याची सीमा ठरवतो. प्रयोग दाखवतो की ही तार जोडलेली आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोठार आहे. रानातल्या गोगलगायीत ती तार केव्हा ओढली जाते, हा वेगळा प्रश्न आहे.

त्या वेगळ्या प्रश्नाबद्दल माझा कल सांगतो. एक तर घाऊक रिकामे होण्याची ती रीत. दुसरे, अलिंदाची मोक्याची जागा. तिसरे, चेतेचा थेट हात. तिन्ही एकत्र ठेवले की नेहमीच्या शांत दिवसाच्या कामकाजापेक्षा संकटाच्या घटकेसाठी राखलेली व्यवस्था वाटते: शंखावर घाव, अचानक कोरड, शत्रूचा दात. गोगलगायीचे शरीर रक्ताच्या दाबावर पसरते आणि आत ओढले जाताना ते रक्त आत ढकलले जाते. अंगाचा इतका भाग रक्तावर उभा असलेल्या प्राण्याला जखम म्हणजे केवढे संकट, हे सांगायला नको. तशा वेळी पुढच्याच ठोक्याला सगळ्या अंगात प्रथिने पोचवणारी पेशी असणे समजण्याजोगे आहे. हा माझा अर्थ आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही, आणि दोन्हींतली रेघ मी मुद्दाम ठळक ठेवतो.

पुढचे पाऊल शाबेल्निकोव यांनीच टाकले. २०१५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत आपल्या शंखीच्या नात्यातल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या अकॅटिना अकॅटिना या गोगलगायीच्या अलिंदांतून एक स्रावी प्रथिन शुद्ध करून त्याच्या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सिस्टीन या ॲमिनो आम्लाचा भरणा आहे. सिस्टीनच्या जोड्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधल्या जातात, आणि असे पूल जास्त असलेले प्रथिन पेशीबाहेर, रक्तात, सहजासहजी मोडत नाही. बाहेर पाठवण्यासाठीच बनवलेल्या मालाची ही ओळख आहे. प्रथिन शुद्ध स्वरूपात हाती आले की त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करता येतात आणि मग जिवंत प्राण्याच्या रक्ताच्या थेंबात ते केव्हा वाढते, केव्हा घटते हे मोजता येते. वर ज्याला मी वेगळा प्रश्न म्हटले, त्याची चावी हीच.

आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. पण पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायीची वाण नाही, आणि पिल्लाचा पातळ शंख निसर्गाने बसवलेली खिडकीच आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या वर्गात आम्ही साधी नोंद ठेवतो: एक पिल्लू, एक मिनिट, ठोके. मग काडीचा स्पर्श. पुन्हा एक मिनिट, ठोके. खोलीचे तापमान शेजारी लिहायचे, कारण गारव्यात ठोके मंदावतात आणि तेवढ्यानेच तुलना फसते. काम संपले की हातमोजे काढून साबणाने हात धुवायचे. उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या या गोगलगायीत असू शकतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर त्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. वहीत आतापर्यंत फक्त ठोके आहेत. ठोका चुकतो त्या घटकेला अलिंदाच्या जाळीत कणीदार पेशी काय करत असतात, हे त्या खिडकीतून दिसत नाही. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना कोरा सोडायला मी मुलांना सांगितले आहे. त्याच्या माथ्यावर लिहिले आहे: स्राव.